सहावी इनिंग सुरूच करायची नव्हती: अंधार, पाऊस आणि मॅच थांबवायचा निर्णय

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. शाळांची तालुक्याची बेसबॉल फायनल, सात इनिंगची (प्रत्येक इनिंगमध्ये आधी पाहुण्यांची बॅटिंग, मग यजमानांची), प्लेटला, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथं, अंपायर तुम्ही. पाच इनिंग झाल्या तेव्हा यजमान शाळा ६-४ ने पुढं. सहावीत पाहुण्यांनी तीन रन काढले, ७-६. मग यजमानांची बॅटिंग, एक आऊट, फर्स्ट आणि सेकंड बेसवर रनर, आणि तुम्ही अंधार झाला म्हणून मॅच थांबवली. मग दोन्हीकडचे पालक तुमच्याभोवती गोळा, यजमान म्हणतात पाचव्या इनिंगचा स्कोअर धरा, पाहुणे म्हणतात फळ्यावर ७-६ लिहिलंय ते काय खोटं आहे का. आणि तुम्ही विचारलंय, माझं कुठं चुकलं.

थांबवली ते बरोबरच केलंत. चुकलं ते त्याच्या अर्धा तास आधी, सहावी इनिंग सुरू केलीत तिथं.

राग मानू नका, हीच चूक मी पण केलीय आणि तुमच्यापेक्षा महागात पडलीय, ते खाली सांगतो. पण आधी हे डोक्यात पक्कं बसवा की अंधार काय अचानक येत नाही. पाऊस अचानक येतो, वीज अचानक येते, पण सूर्य किती वाजता मावळणार हे सकाळी फक्की मारतानाच माहीत असतं. सप्टेंबरअखेर आपल्या कोल्हापुरात साधारण साडेसहाच्या आत-बाहेर, ऑक्टोबरच्या शेवटी सहा-पाच वगैरे, डिसेंबरच्या सुरुवातीला सहालाच. त्यामुळं अंधारामुळं मॅच अर्ध्या इनिंगमध्ये तोडावी लागली तर तो निसर्गाचा कोप नव्हे, ती आपल्या घड्याळाची चूक. पावसाचं तसं नाही, तिथं कोणी तुम्हाला बोल लावू शकत नाही.

तुम्ही लिहिलंय की पाचवी संपली तेव्हा सहाला पाच कमी होते आणि आभाळ भरलेलं होतं. आता हिशोब करा. शाळेच्या पोरांची इनिंग किती वेळ चालते? बेस ऑन बॉल्स (चार वाईट बॉल पडले की बॅटरला फुकट फर्स्ट बेस) भरपूर, बॉल जाळीमागं गेला की आणायला एक पोरगं पळतंय, हेल्मेट एकाचं दुसऱ्याला, म्हणजे पंचवीस मिनिटं कुठं गेली नाहीत, कधी कधी अर्धा तास. म्हणजे चांगलं आभाळ असतं तरी ती इनिंग सूर्यास्ताला टेकणार होती. ढगात तर वीस मिनिटं अशीच वजा होतात. माझा आता ठरलेला नियम असाय, स्वच्छ आभाळ असेल तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपर्यंतच नवीन इनिंग सुरू करायची, ढग असतील किंवा पश्चिमेला झाडं-बिल्डिंग असेल तर पाऊण तास. त्यानंतर नाही म्हणजे नाही, मग प्रमुख पाहुणे व्यासपीठावर ट्रॉफीजवळ येऊन बसलेले असले तरी. (प्रमुख पाहुण्यांना नेहमीच पुण्याला जायचं असतं, हे बावीस वर्षांत एकदाही बदललेलं नाही.)

अजून एक. आपण शिकलो अमेरिकेच्या नियमपुस्तकावरनं, पण तिकडची संध्याकाळ आणि आपली संध्याकाळ वेगळी. आपण विषुववृत्ताच्या जवळ, सूर्य सरळ खाली बुडतो, मावळल्यावर जेमतेम वीस-बावीस मिनिटं उजेड राहतो. तिकडं उत्तरेला तोच अर्धा तास टिकतो. त्यामुळं "अजून दिसतंय की सर" हे वाक्य आपल्याकडं ज्या क्षणी कानावर पडतं त्याच्या दहा मिनिटांनी काहीच दिसत नाही.

आणि दिसतंय म्हणजे कुणाला दिसतंय? हा खरा प्रश्न आहे. प्रेक्षकाला बॉल शेवटपर्यंत दिसतो कारण त्याला तो पकडायचा नसतो. अंपायर म्हणून मी कॅचरच्या मागं उभा, बॉल माझ्याकडं सरळ येतोय, मलापण बऱ्यापैकी दिसतो. पिचर ज्या पट्टीवरनं बॉल टाकतो ते रबर प्लेटपासून १८.४४ मीटरवर. शाळेतला चांगला पिचर ताशी ९० किलोमीटरनं टाकतो असं धरलं तर सेकंदाला २५ मीटर, म्हणजे बॅटरकडं पाऊण सेकंदसुद्धा नाही. त्यातला पहिला थोडा वेळ बॉल पिचरच्या हातातनं निघाला हे ओळखण्यातच जातो. अंधारात ते ओळखणंच उशिरा होतं. आणि बॅटवरनं निघालेला बॉल थर्ड बेसकडं जातो तो याहून जोरात.

आता माझी गोष्ट. सुरुवातीची वर्षं होती, गावाचं नि शाळेचं नाव सांगत नाही. नोव्हेंबर. दोन्ही कोच म्हणाले सर एकच इनिंग राहिलीय, उद्या परत गाडी करून पोरं आणायची म्हणजे खर्च, संपवून टाकू. मी पण म्हटलं चला. दुसऱ्याच बॅटरनं थर्डला लाईन ड्राईव्ह (टप्पा न पडता सरळ जाणारा जोरदार फटका) मारला. थर्ड बेसला आठवीतलं पोरगं होतं. मला अजून आठवतंय, त्याचा ग्लोव्ह कमरेजवळच होता, उचललाच नाही, आणि मान जरा डावीकडं वळलेली, म्हणजे आवाज ऐकून तो बॉल भलतीकडं शोधत होता. ओठ फाटला, पुढचा एक दात पडला. रिक्षात बसवताना तोंडावर रुमाल धरून ते म्हणतंय, "सर, सुटला नाही ओ, दिसलाच नाही." म्हणजे त्याला वाटत होतं कॅच सुटला म्हणून मी रागावलोय. त्या दिवसापासून दोन्ही कोच एकमतानं खेळू म्हणाले तरी मी ऐकत नाही. दोन मोठ्या माणसांच्या संमतीनं थर्ड बेसवरच्या पोराचे डोळे चांगले होत नाहीत.

म्हणून आता शेवटच्या तासात मी प्रत्येक हाफ इनिंग संपली की चालत थर्ड बेसला जातो, तिथं उभा राहतो आणि पिचर-कॅचर वॉर्मअपचे बॉल टाकतात ते तिथनं बघतो. बॉलची शिवण सोडा, बॉल मागच्या झाडांच्या रेषेत गेल्यावर दिसतो का एवढंच बघायचं. मग सेंटरच्या, म्हणजे मैदानात मधोमध लांब उभ्या असलेल्या पोराला विचारतो, कारण त्याचा त्रास वेगळा असतो, उंच उडालेला बॉल वर आभाळात अजून उजेड असतो म्हणून स्पष्ट दिसतो, आणि खाली येताना झाडांच्या काळोखात शिरला की गायब. पोरगं वर बघत हात पसरून उभं आणि बॉल दोन फुटांवर पडतो. असं एकदा झालं की समजायचं आपल्याला आधीच उशीर झालाय.

बॉलचं पण बघा. आपल्याकडं शाळेत दोन बॉलवर अख्खी स्पर्धा होते, तिसऱ्या मॅचपर्यंत बॉल शेंगदाण्याच्या ढेपेच्या रंगाचा झालेला असतो. हे दिसायला साधं वाटतं पण याच गोष्टीत माणूस गेलाय. १६ ऑगस्ट १९२० ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलँडचा रे चॅपमन, समोर पिचर कार्ल मेज, बॉल डोक्याला लागला, दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. तेव्हा हेल्मेट नव्हती आणि एकच मळका बॉल घासून घासून वापरायची पद्धत होती. त्यानंतर अंपायरांना सांगण्यात आलं की बॉल मळला की बदला. म्हणून आयोजकांना मी आधीच सांगतो, बाकी हारतुऱ्याचा खर्च कमी करा पण शेवटच्या दोन इनिंगसाठी तीन नवे बॉल माझ्याकडं द्या. पाचनंतर ते माझ्या पिशवीत असतात. मळका बॉल सहाला दिसत नाही, नवा अजून दहा मिनिटं दिसतो. फक्त या दहा मिनिटांत नवी इनिंग सुरू करायची नाही, चालू आहे ती संपवायची.

आता उलट बाजू पण सांगतो, नाहीतर तुम्ही घाबरून पुढच्या वेळी साडेचारलाच मॅच बंद कराल. लवकर थांबवल्यावर पण लोक खवळतात, आणि बरोबरच आहे. १९२२ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये (अमेरिकेतल्या मोठ्या लीगची फायनल, ती अनेक मॅचची असते) न्यूयॉर्कच्याच दोन टीम, जायंट्स आणि यांकीज, दुसरी मॅच दहा इनिंगनंतर ३-३ असताना अंपायरनी अंधाराचं कारण देऊन थांबवली आणि सूर्य अजून आभाळात होता! लोकांना वाटलं अजून एका मॅचची तिकिटं खपवायला केलं, एवढा दंगा झाला की कमिशनर लँडिस यांनी त्या मॅचचा सगळा गल्ला धर्मादाय कामाला देऊन टाकला. आपल्याकडं तिकीट नाही पण संशय तोच, "अंपायर त्यांच्याच शाळेचा पाहुणा हाय." म्हणून थांबवायचा निर्णय स्कोअर बघून घेतला असं कुणाला वाटायला जागाच ठेवायची नाही. त्याला एकच उपाय, वेळ आधी जाहीर करायची. टॉसच्या वेळी दोन्ही कोचना प्लेटवर बोलवा आणि सांगा, आज पाच चाळीसनंतर नवीन इनिंग सुरू होणार नाही. स्कोअरशीटवर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. तेव्हा स्कोअर ०-० असतो, कोणी भांडत नाही, उलट दोघंही मान डोलवतात.

शिकागोचं रिग्ली फील्ड १९८८ पर्यंत बिनलाईटचं होतं, तिथं तर हे रोजचंच. २८ सप्टेंबर १९३८ ला शिकागोची कब्स आणि पाहुणी टीम पायरेट्स ५-५, नववी इनिंग, अंपायरनी आधीच ठरवलेलं की ही संपली की बंद. दोन आऊट, दोन स्ट्राइक, आणि गॅबी हार्टनेटनं त्या काळोखात होमरन मारला, लोकांना बॉल कुठं गेला ते धड दिसलं पण नाही. ती होमरन अजून गाजते. पण बघा, तिथं पण सगळ्यांना माहीत होतं की हीच शेवटची इनिंग.

वेळ जाहीर केली की एक नवीन डोकेदुखी मात्र सुरू होते, ती पण सांगतो कारण तुम्हाला भेटणारच. जी टीम मागं आहे आणि पाच इनिंग पूर्ण व्हायच्या आहेत ती वेळ काढते. पिचर तीन वेळा बुटाची नाडी बांधतो, कोच माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जाऊन पोराला बहुतेक जेवणाचा मेनू सांगत असतो, कॅचरचा लेगगार्ड सुटतो. कारण पाच इनिंग झाल्या नाहीत तर मॅच पूर्ण धरली जात नाही (यजमान पुढं असतील तर साडेचार चालतात). आणि पुढं असलेली टीम उलट, मुद्दाम स्विंग करून आऊट होते. दोन्ही लबाडीच. नियमात मुद्दाम मॅच लांबवणाऱ्या किंवा आखूड करणाऱ्या टीमला फॉरफिट (मॅच हरल्याचा निकाल) देता येतो. मी आजपर्यंत दिला नाही, पण एकदा कोचला बाजूला घेऊन शांतपणे "सर, पुढच्या नाडीला मॅच त्यांची" एवढं म्हटलं होतं, पुढच्या दोन इनिंग अठरा-अठरा मिनिटांत झाल्या.

सूर्याचं एक राहिलं. नियमपुस्तकात म्हटलंय की प्लेट ते सेकंड बेस ही रेषा साधारण पूर्व-ईशान्येकडं असावी, म्हणजे दुपारनंतर बॅटरच्या डोळ्यात ऊन येत नाही. आपल्याकडं मैदान मिळतं तसं, एका बाजूला कबड्डी, दुसऱ्या बाजूला फुटबॉल (फुटबॉलच्या गावात बेसबॉलला कोपराच मिळणार), मग प्लेट जिथं जागा तिथं. बॅटर पश्चिमेला तोंड करून असेल तर सूर्यास्ताआधी पंधरा-वीस मिनिटं त्याला बॉल सूर्यातनं येताना दिसतच नाही, उजेड भरपूर असून. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक घ्यायला हरकत नाही, पण तो वेळ पण हिशोबात धरा.

आणि ते बाईकचे हेडलाईट लावू का असं तुमच्या तिथं कुणीतरी म्हणालं होतं, तर नको. एका बाजूनं येणारा झोत बॅटरला आंधळा करतो आणि बाकीचं मैदान जास्तच काळं दिसतं.

आता पाऊस. इथं दोन वेगळे पाऊस आहेत आणि दोघांना वेगळी वागणूक. जुलै-ऑगस्टची आपली झिमझिम, तिला घाबरून मॅच बंद करायची तर कोल्हापुरात कुठलाच खेळ होणार नाही. त्यात मी खेळू देतो जोपर्यंत बॉल हातात बसतो. बॉल बारदानानं पुसायला एक पोरगं लाईनीबाहेर उभं करायचं. पिचरचे लागोपाठ दोन बॉल बॅटरच्या डोक्यावरनं गेले की टाइम. ओला बॉल जड होतो आणि सटकतो, पोराची चूक नसते. मैदानाला टाचेनं दाबून बघा, टाचेच्या खड्ड्यात पाणी वर आलं की ग्राउंडर (जमिनीवरनं जाणारा बॉल) थप करून तिथंच बसणार आणि पळणारं पोरगं बेसवर घसरून गुडघा फोडून घेणार. तांबड्या मातीचं मैदान अर्ध्या तासात परत तयार होतं, थोडा भुसा टाकला की झालं. काळ्या मातीचं नाही होत, बुटाला किलोभर चिखल घेऊन पोरं बैलासारखी चालतात, तिथं वाट बघण्यात अर्थ नाही. गांधी मैदानाचं पावसात तळं होतं हे तर शेंबड्या पोराला पण माहीत आहे.

मी पश्चिमेला बघत राहतो. ज्या मैदानावरनं जोतिबाचा डोंगर दिसतो तिथं तो दिसायचा बंद झाला की माझ्या अनुभवात दहा-पंधरा मिनिटं हातात असतात. तेवढ्यात हाफ इनिंग संपवता येते, नाहीतर संपवायच्या नादी न लागता बेस-बॅट आत घेता येतात.

थांबवल्यावर लगेच "मॅच रद्द" म्हणू नका. अमेरिकेच्या मोठ्या लीगच्या नियमात मुख्य अंपायरला खेळ थांबवल्यापासून किमान ३० मिनिटं मॅच संपवता येत नाही, आणि नंतर पण खेळ सुरू व्हायची थोडी जरी आशा असेल तर थांबायचं. मॅच सुरू व्हायच्या आधी मैदान खेळण्यासारखं आहे का ते यजमानांनी ठरवायचं, पण एकदा यजमानांची बॅटिंग ऑर्डरची यादी अंपायरच्या हातात पडली की तो हक्क अंपायरचा. तालुक्याचे साहेब फोन करतील, त्यांना गोड बोलायचं, निर्णय आपलाच. फक्त वाट बघायची म्हणून चिखलात खेळवत बसू नये. २००८ च्या वर्ल्ड सीरिजची पाचवी मॅच आठवा, फिलाडेल्फियाला धो-धो पावसात बेसलाइनवर डबकी साचेपर्यंत खेळवली, टॅम्पा बेनं सहाव्यात २-२ केलं तेव्हा थांबवली, आणि उरलेली मॅच दोन दिवसांनी तिथनंच पुढं खेळवली. वर्ल्ड सीरिजमध्ये मॅच अर्धी ठेवून नंतर पुढं खेळवायची ती पहिलीच वेळ.

दुसरा पाऊस म्हणजे वळीव. एप्रिल-मेच्या सुट्टीतल्या कॅम्पला आणि परत ऑक्टोबरमध्ये पाऊस जाताना. यात पाणी दुय्यम, वीज मुख्य. आणि इथं इनिंग, आऊट, स्कोअर काही बघायचं नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. चालू प्ले तीन-चार सेकंदात संपतो, तो संपला की दोन्ही हात वर, टाइम, सगळे आत. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर, म्हणजे तीस सेकंदाला दहा किलोमीटर. तीसच्या आत असेल तर मैदानावर कुणी नको. आत म्हणजे शाळेच्या पक्क्या इमारतीत किंवा बंद काचांच्या बसमध्ये. वडाखाली नाही, पत्र्याच्या शेडखाली नाही, जाळीला टेकून नाही, आणि ॲल्युमिनियमच्या बॅटी मैदानावरच राहू देत, त्या गोळा करायला पोरं पाठवू नका. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं. एकोणतिसाव्या मिनिटाला परत गडगडलं तर परत शून्यापासून. पुण्याच्या हवामान संस्थेचं, आयआयटीएमचं, दामिनी ॲप मोबाईलवर घेऊन ठेवा, आसपास वीज पडत असेल तर कळतं, पण ॲप गप्प आहे म्हणून कानावर अविश्वास दाखवू नका. ऊन असताना लांब गडगडलं तर पालक हसतात, "मॅडम, आभाळ कुठाय?" हसू देत.

आता तुमच्या त्या मॅचचं काय. हा निकाल कुठल्या नियमानं खेळायचं ठरलं होतं त्यावर आहे, आणि तुमच्या पत्रकात काहीच लिहिलेलं नाही म्हणता, म्हणूनच भांडण झालं. अमेरिकेच्या हायस्कूल नियमानं दोन्ही टीमची सारखी बॅटिंग झाली नसेल तर शेवटच्या पूर्ण इनिंगचा स्कोअर, यजमानांनी त्या इनिंगमध्ये बरोबरी केली असती तर वेगळं. म्हणजे तुमचे यजमान ६-४ ने जिंकले. मोठ्या लीगच्या नियमानं पाहुण्यांनी अर्धवट इनिंगमध्ये आघाडी घेतली आणि यजमानांनी ती फेडली नाही तर मॅच सस्पेंड, पुढच्या तारखेला तिथनंच. फळ्यावरचा ७-६ धरून पाहुण्यांना ट्रॉफी द्यायची, हे मात्र दोन्हीतल्या एकाही नियमात बसत नाही, कारण यजमानांची बॅटिंग राहिलीय आणि दोन रनर बेसवर आहेत.

मला विचाराल तर सस्पेंड. पोरांनी खेळलेलं वाया जात नाही. दोन्ही पीटी सरांना एकत्र बसवा, चहा सांगा, आणि स्कोअरशीट मधे ठेवून नीट लिहून घ्या: सहावी इनिंग, यजमान बॅटिंगला, एक आऊट, फर्स्टवर कितवा नंबर, सेकंडवर कितवा, बॅटरला किती बॉल किती स्ट्राइक, पिचर कोण, आणि कोण बदलून आधीच बाहेर गेलाय, कारण बाहेर गेलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी हळूच परत येतं, हा माझा अनुभव आहे. बॅटरचा काउंट कुणाला आठवत नसेल तर प्लेटला तुम्ही होता, तुमचं क्लिकर (बॉल-स्ट्राइक मोजायचं हातातलं यंत्र) तसंच असेल तर त्यातला आकडा घ्या. सकाळची वेळ ठेवा, आठ-साडेआठ. फक्त आदल्या दिवशी त्याच वेळेला मैदानावर जाऊन एकदा प्लेटला उभ्या राहून बघा, सूर्य कुणाच्या डोळ्यात येतोय ते.